बर्फात गाडी आणि उघड्यावरचं काम: आकड्याला भिऊ नका, ओलीला भ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बर्फ पडणाऱ्या भागात काम मिळालंय. पहाटे साडेपाचला व्हॅन काढून ४० किमी जायचं, सहा-सात तास उघड्यावर काम करायचं आणि अंधार पडल्यावर तोच रस्ता धरून परत यायचं. बर्फावर गाडी कधी चालवलेली नाही. जॅकेट कोणतं घ्यावं, टायर कोणते घ्यावेत आणि किती वेग ठेवला की गाडी घसरणार नाही, हे तुम्ही विचारलंय.

तिन्ही गोष्टी सांगतो. पण तुमचा सगळा रोख 'पारा उणे २० ला गेला तर काय' यावर आहे, आणि तिथेच थोडी गफलत होतेय. उणे २० ला कुणाला सावध करावं लागत नाही, माणूस आपणहून कानटोपी चढवतो. मला खरी धास्ती वाटते ती अधिक ३ ते उणे ३ या पट्ट्याची. त्यात पाणी धड गोठलेलं नसतं, धड वाहतंही नसतं. बर्फावर पाण्याचा बारीक थर असतो, त्यामुळे रस्ता सर्वात निसरडा याच तापमानात होतो. उणे २० चा कोरडा, कडक बर्फ त्या मानाने बरी पकड देतो. कपडे भिजतात तेही याच पट्ट्यात, कारण पडणारा बर्फ अंगावर वितळतो. म्हणजे रस्ता असो की शरीर, दोन्हीकडे खरी शत्रू ओल आहे. पुढचं सगळं याच अंगाने वाचा.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. व्हॅन पुढच्या चाकांनी ओढली जाते की मागच्या, तिच्यात माल किती असतो, रस्त्यावर मीठ टाकतात का, वाटेत मोबाइलला रेंज आहे का, तुम्हाला मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे का. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असेल तर बोटं बधिर झाल्याचं कळतच नाही. असं काही असेल तर काम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आधी वेगाचं. 'सुरक्षित वेग' असा एकच आकडा नसतो, पण हिशेब करता येतो. ताशी ५० किमी वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या डांबरावर साधारण १४ मीटर जातात. दाबल्या गेलेल्या बर्फावर तेच अंतर ५० मीटरच्या आसपास जातं. ओल्या, काचेसारख्या बर्फावर १०० मीटर. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो त्यात आणखी १४ मीटर. आता वेग ३० वर आणा. त्याच काचेसारख्या बर्फावर अंतर ३५ मीटरवर येतं, कारण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून बर्फावर वेग थोडा कमी करून भागत नाही, पण बराच कमी केला तर फायदा अपेक्षेपेक्षा मोठा मिळतो. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मोजायला लागा. तुम्ही त्या खांबाशी पोचेपर्यंत आठ ते दहा सेकंद जायला हवेत. मध्ये कुणी घुसलं तर घुसू द्या, पुन्हा मागे राहा.

आता ज्याला ब्लॅक आइस म्हणतात तो प्रकार. तो काळा नसतो, पारदर्शक असतो. खालचं डांबर दिसतं, त्यामुळे रस्ता नुसता ओला वाटतो. ओळखायची खूण अशी: रस्ता ओला चमकतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये. म्हणजे ते पाणी नाही. दुसरी खूण कानांची. ओल्या रस्त्यावर टायरचा सूं-सूं आवाज येत असतो, तो एकदम बंद झाला आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की तुम्ही बर्फावर आहात. गाडीतला थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो, रस्त्याचं नाही. निरभ्र रात्री रस्त्याची उष्णता आकाशाकडे निघून जाते. हवा अधिक २ असताना रस्ता शून्याखाली असू शकतो, म्हणून अधिक ४ दिसायला लागलं की बर्फ आहे असंच धरून चाला. पूल सर्वात आधी गोठतात, कारण त्यांना वरून-खालून दोन्हीकडून वारा लागतो. त्यांच्यानंतर झाडीच्या, डोंगराच्या सावलीतली वळणं. तुम्ही निघता ती पहाटेची वेळ याबाबतीत दिवसातली सर्वात वाईट.

मिठावर फार विसंबू नका. साधं मीठ उणे ९-१० पर्यंत नीट काम करतं, त्याखाली त्याचा जोर संपतो. शिवाय मिठाने वितळलेलं पाणी पुढे वाहत जातं, पातळ होतं आणि पुन्हा गोठतं.

गाडी घसरायला लागली की पहिली गोष्ट, पाय ॲक्सिलरेटरवरून उचला आणि लगेच ब्रेक ठोकू नका. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच चाललीये, म्हणजे पुढची चाकं सुटली आहेत. अशा वेळी सगळे स्टिअरिंग आणखी फिरवतात, नेमकं तेच चुकतं. थोडं सरळ करा, चाकं पुन्हा फिरायला आणि धरायला लागतील, मग हळूच वळवा. मागचा भाग बाजूला निघाला असेल तर जिथे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग वळवा. गाडी सावरायला लागताच लगेच सरळ करा, नाहीतर ती उलट्या बाजूला फेकली जाते. नजर जिथे असते तिथे हात जातात, म्हणून खांबाकडे बघू नका.

समोर अडथळाच आला आणि गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबून ठेवा. पेडल पायाखाली थरथरेल, खडखड आवाज येईल. काहीतरी मोडलं असं वाटून बरेच जण नेमका त्या क्षणी पाय उचलतात. उचलू नका, आणि एबीएसमुळे स्टिअरिंग वळतं हे लक्षात ठेवून बाजूला काढा. भुसभुशीत बर्फावर मात्र एबीएसने थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, बर्फाच्या दिवशी बंद. आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर ती निघताना मदत करते, थांबताना नाही. थांबवायला चार चाकं सगळ्याच गाड्यांना असतात.

हे सगळं वाचून येत नाही, पायाला कळावं लागतं. पहिला बर्फ पडला की मोकळं, खांब नसलेलं पार्किंग शोधा, परवानगी घ्या आणि ताशी २०-२५ वेगात मुद्दाम कडक ब्रेक मारून बघा. अर्ध्या तासात पेडलची ती थरथर ओळखीची होते.

टायर. जॅकेटवर पगार उधळून टायर जुनेच ठेवणारे लोक भेटतात, त्यांचं गणित उलटं आहे. साध्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि त्याच्या खाचांतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघा. ते बर्फावरच्या चाचणीनंतर मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ती चाचणी झालेली असेलच असं नाही. चारही चाकांना एकसारखे लावा. फक्त पुढे लावलेत तर पुढचा भाग थांबतो आणि मागचा तुमच्या पुढे यायला बघतो. खाच ४ मिलीमीटरपेक्षा कमी उरली की बर्फासाठी तो टायर गोटा झाला असं समजा, कायदा काही म्हणो. हवा दर ५-६ अंशांच्या घसरणीला सुमारे १ पीएसआय उतरते, म्हणून थंडीची लाट आली की गाडी चालवण्याआधी, थंड टायरवर तपासा. साखळ्या लागणारा रस्ता असेल तर त्या ओढणाऱ्या चाकांवर चढतात. आणि त्या चढवायचा सराव घरच्या अंगणात करा, अंधारात बधिर बोटांनी पहिल्यांदा नको. काहीशे मीटर गेल्यावर उतरून पुन्हा आवळाव्या लागतात.

बाकी गाडीचं पटकन. बॅटरीची ताकद उणे १८ ला जेमतेम निम्मी उरते, आणि इंजिन फिरवायला तेव्हाच जास्त जोर लागतो. चार-पाच वर्षं जुनी असेल तर हिवाळ्याआधी तपासून घ्या. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी गोठून ती फुगली असेल तर तिला जंपर केबल लावू नका, फुटू शकते. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत चालतं. वायपरच्या टाकीत साधं पाणी नको, उणे ३० पर्यंत न गोठणारं द्रव भरा. डिझेल गाडी असेल तर हिवाळी डिझेलच, साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर बंद करतं. टाकी कधी निम्म्याखाली जाऊ देऊ नका.

निघण्याआधी छपरावरचा बर्फ सगळा काढा. पुढच्या काचेत भोक पाडून निघणारे दिसतात, पण पहिल्याच ब्रेकला छपरावरचा थर सरकून काचेवर येतो. दिवे हाताने पुसा, एलईडी दिवे स्वतःवरचा बर्फ वितळवण्याइतके तापत नाहीत. काचेवर गरम पाणी टाकू नका, तडकते. आतून धुकं धरत असेल तर हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण बंद करा, बाहेरची हवा घ्या आणि एसी चालू ठेवा. थंडीत एसी कशाला, असं वाटेल, पण तो हवेतली ओल काढतो. आणि बसण्याआधी बूट एकमेकांवर आपटून बर्फ झाडा, ओला तळवा पेडलवरून सटकतो. जाड जॅकेट काढून बसा. त्याच्यावरून लावलेला पट्टा अंगाला धरत नाही, धडक बसली की आधी तेवढी पोकळी दबते.

आता कामाकडे येतो. वारा असला की अंगाला थंडी पाऱ्यापेक्षा जास्त लागते. उणे १० आणि ताशी ३० किमी वारा म्हणजे उघड्या त्वचेला उणे २० सारखं. हा आकडा उणे २७-२८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. सकाळी तापमानाबरोबर वाऱ्याचा वेगही बघा आणि उष्ण जागेतल्या विश्रांत्या त्यावर ठरवा.

जॅकेट एकच भारी घेण्यापेक्षा तीन थर घ्या. अंगाला चिकटून लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस (मऊ, लोकरीसारखं सिंथेटिक कापड), वर वारा आणि पाणी अडवणारं. सुती बनियन, सुती मोजे अजिबात नकोत. सुती कापड घाम पिऊन धरून ठेवतं, आणि ओल्या कापडातून ऊब झपाट्याने जाते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेतं. नियम एवढाच ठेवा: काम सुरू करताना किंचित थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच ऊबदार वाटतंय म्हणजे अर्ध्या तासात घाम येणार. घाम यायच्या आधी चेन उघडा, एक थर काढा. थांबलात की लगेच चढवा. हे दिवसातून दहा वेळा करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण जॅकेटच्या किमतीपेक्षा यानेच जास्त फरक पडतो.

बूट एक माप मोठे. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले तर रक्त कमी पोचतं आणि पाय आणखी गार पडतात. हातमोज्यांच्या निदान दोन जोड्या जवळ ठेवा, बारीक कामासाठी आत पातळ आणि वरून जाड. उणे ७ च्या खाली उघड्या हाताने लोखंडाला हात लावू नका, कातडी चिकटते. इंधन भरताना तर विशेष सांभाळा. पेट्रोल त्या थंडीतही गोठत नाही, ते हातावर सांडलं की उडून जाताना त्वचेतली उष्णता ओढून नेतं आणि मिनिटभरात इजा होते.

थंडीत तहान लागत नाही, पण पाणी लागतं. दर तासाला काहीतरी कोमट प्या. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, कारण रक्त त्वचेकडे धावतं. शरीराच्या आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते.

फावड्याने बर्फ काढायचा असेल तर उचलू नका, ढकला. ओल्या बर्फाचं वजन घनमीटरला ३००-४०० किलोपर्यंत जातं. थंडीने रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात, त्यात हा जोर. छातीत दडपण आलं की लगेच थांबा आणि मदत बोलवा. चालताना पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर. गाडीतून उडी मारून उतरू नका. दोन हात आणि एक पाय टेकलेला असताना दुसरा पाय खाली घ्या.

एकटे काम करू नका, किंवा निदान दर अर्ध्या तासाला एकमेकांशी बोला. यामागे कारण आहे. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की पहिला तडाखा डोक्याला बसतो, आणि ज्याचं डोकं मंदावलंय त्याला ते कळत नाही. जोडीदाराला कळतं. माणूस अडखळतो, शब्द जड येतात, हातातलं निसटतं, विनाकारण चिडतो. अशा माणसाला 'मी ठीक आहे' म्हणू द्या, पण आत न्या. ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, छाती, मान आणि काखा आधी शेका, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय द्या. हातपाय चोळू नका. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि माणूस गुंगीत जातोय, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका, ती आणीबाणी आहे. त्याला आडवा ठेवा, हलवावं लागलं तर हळुवार हलवा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. आणि हे सगळं अधिक ५ लाही होतं, भिजलेला माणूस वाऱ्यात उभा असला की पुरे.

हिमदंशाची, म्हणजे त्वचा गोठून इजा होते ती, जागा आधी टोचते, मग टोचणं थांबतं. थांबलं म्हणजे सावध व्हा. गोऱ्या त्वचेवर तिथे पांढरा डाग दिसतो, सावळ्या त्वचेवर तो चटकन दिसत नाही. राखाडी, मेणचट वाटतं का आणि दाबल्यावर कडक लागतं का हे बघा. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास धरा. त्या जागेला जाणीव नसते, म्हणून पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने किंवा स्वतःच्या चांगल्या हाताने बघावं. मग दवाखाना.

दिवसातला सर्वात धोक्याचा वेळ माझ्या मते काम संपल्यानंतरचा अर्धा तास. अंग दमलेलं, आतला थर घामट, बोटं जड, आणि दुपारी वितळलेलं पाणी सूर्य कलल्यावर रस्त्यावर पुन्हा गोठतंय. अशा वेळी लगेच स्टिअरिंगवर बसू नका. गाडीत कोरडे थर्मल आणि मोजे ठेवा, उष्ण जागेत बदला, काहीतरी खा. एक सोपी परीक्षा: अंगठा आणि करंगळी जुळवून बघा. जुळत नसतील तर बोटं अजून गाडी चालवण्याजोगी नाहीत. बंद खोलीत किंवा व्हॅनमध्ये शेकोटी, कोळसा, गॅसचा हीटर लावून ऊब घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखून मळमळायला लागतं आणि मग झोप येते.

अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, गाडी सापडते, माणूस सापडत नाही. एक्झॉस्टभोवतीचा बर्फ उकरा, तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, आडोशाच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, बाहेर रंगीत कापड बांधा. बर्फ पडतच असेल तर दर वेळी इंजिन लावण्याआधी एक्झॉस्ट पुन्हा मोकळा करा. चाक जागच्या जागी फिरतंय तर ॲक्सिलरेटर देऊ नका, खालचा बर्फ तापून आणखी गुळगुळीत होतो. स्टिअरिंग सरळ करा, चाकापुढे वाळू टाका, दुसऱ्या गिअरवर हलकेच काढा. म्हणून गाडीत फावडं, वाळूची पिशवी, ओढायची दोरी, दोन घोंगड्या, टॉर्च, मोबाइलचा चार्जर, पाणी आणि कोरडं खाणं हवंच. निघताना रस्ता आणि पोचण्याची वेळ एकाला सांगा, आणि उशीर झाला तर त्याने कुणाला फोन करायचा तेही.

घरी पोचल्यावर बूट दारात तसेच टाकू नका. आतली गादी काढून वेगळी उभी करा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी ते बदला. थेट हीटरवर ठेवलात तर तळव्याचा गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. तरीही सकाळी आत ओलसर लागलं तर तो बूट त्या दिवशी घालू नका. शक्य असेल तर दुसरी जोडी घ्या आणि एक दिवसाआड वापरा.